मेडिकल दुकानाची गुणवत्ता आणि मानांकन: नाशिकच्या औषध विक्रेत्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

परवाना आणि मानांकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किरकोळ औषध विक्रीसाठी अन्न व औषध प्रशासनाकडून नमुना २० आणि २१ चे परवाने मिळतात. त्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा, नोंदणीकृत फार्मासिस्ट, फ्रिज आणि साठवणुकीची नीट सोय लागते. हे सगळे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम यांतून येते. फार्मासिस्टशिवाय औषध देता येत नाही, हे १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते. ही झाली कायद्याने घातलेली किमान अट. ती पाळली नाही तर दुकान चालवण्याचा हक्कच राहत नाही.

मानांकन मात्र स्वेच्छेचे आहे. त्यात कोणीतरी बाहेरचा माणूस येऊन तुम्ही रोज काय करता ते तपासतो आणि तुमचे काम ठरलेल्या निकषांत बसते की नाही ते सांगतो. आपल्याकडे दोन वाटा प्रचलित आहेत. पहिली ‘गुड फार्मसी प्रॅक्टिस’ची, म्हणजे उत्तम औषधसेवेच्या निकषांची. आंतरराष्ट्रीय फार्मसी महासंघ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०११ मध्ये संयुक्त मार्गदर्शक सूचना काढल्या आणि इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने भारतीय दुकानांसाठी निकष मांडले. दुसरी वाट आयएसओ ९००१:२०१५ ची, म्हणजे कोणत्याही व्यवसायाला लागू पडणाऱ्या आंतरराष्ट्रीय गुणवत्ता-मानकाची. आयएसओ ९००१ मध्ये औषधांचा विषयच नाही. काम कसे करणार ते ठरवा, तसेच करा आणि केल्याचा पुरावा ठेवा, एवढेच ते मागते. म्हणून आमचे मत असे, की आशय गुड फार्मसी प्रॅक्टिसचा घ्यावा आणि चौकट आयएसओची. नुसते आयएसओ घेतले तर फायली सुंदर होतात, पण इन्सुलिन गोठतच राहते.

सुरुवातीपासून बाहेरच्या ऑडिटपर्यंत आठ ते दहा महिने धरा. घाई केलेली दुकाने एकाच ठिकाणी अडकतात: कार्यपद्धती लिहिलेली असते, पण ती चालवल्याच्या तीन महिन्यांच्या नोंदी नसतात.

आधी उष्णता मोजा

कागदांच्या आधी थर्मामीटर आणा. बहुतेक औषधांच्या वेष्टनावर ३० अंशांच्या खाली ठेवा असे असते, काहींवर २५ अंश. नाशिकची हवा थंड म्हणून आपण निर्धास्त असतो, पण एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानाची शोकेस दुपारी चारनंतर तापते. पत्र्याखालच्या पोटमाळ्याची अवस्था त्याहून वाईट.

तापमानाचा नकाशा असा काढा. किमान-कमाल दाखवणारे, आर्द्रताही मोजणारे पाच डिजिटल थर्मामीटर घ्या. एक काउंटरजवळ, एक शोकेसमागे, एक सगळ्यांत वरच्या फळीवर, एक जमिनीलगतच्या फळीवर, एक पोटमाळ्यावर. सात दिवस, दिवसातून तीनदा (उघडताना, दुपारी तीनच्या सुमारास, बंद करताना) आकडे लिहा. दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्यांनी कमाल आकडा आवर्जून पाहावा. शटर खाली, एसी बंद, आणि मालक घरी जेवत असताना आत काय होते ते फक्त तोच आकडा सांगतो. ही मोजणी मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा करा.

जिथे कमाल ३० च्या वर गेली तिथून औषधे हलवा आणि त्या जागी डायपर, सॅनिटरी पॅड, कापूस, पट्ट्या ठेवा. थायरॉक्सिनच्या गोळ्या उष्णता, प्रकाश आणि ओलावा या तिन्हींना हळव्या असतात, त्या थंड कोपऱ्यात आणि मूळ वेष्टनातच हव्यात. जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या काचेच्या मूळ बाटलीतून काढून पुडीत देऊ नका, त्यांतले औषध उडून जाते. सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची औषधी वडी) एकदा वितळून पुन्हा घट्ट झाली तर औषध टोकाला गोळा झालेले असू शकते, म्हणून ती बाजूला काढा. ॲस्पिरिनची बाटली उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ओलावा लागून गोळीतले औषध बिघडायला लागले आहे असे समजा, मग एक्स्पायरीची तारीख दोन वर्षे पुढची असो.

पावसाळ्यात प्रश्न ओलाव्याचा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहू लागली की ओआरएसच्या पुड्यांत गुठळ्या होतात, सॉफ्टजेल कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, पाण्यात टाकायच्या गोळ्या ट्यूबमध्येच फुगतात. खोकी भिंतीला टेकवू नका, चार बोटे जागा सोडा, आणि जमिनीवर काहीही ठेवू नका. गोदाकाठच्या दुकानांना हे वेगळे सांगायला नको. सराफ बाजार, भांडी बाजार भागात २०१६ आणि २०१९ च्या पुरात काय झाले ते सगळ्यांना आठवते. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले यावरून ज्यांचा दिवस ठरतो, त्यांनी कार्यपद्धतीत एक पान पुराचे ठेवावे: पाणी कितीवर आले की कोणता माल आधी वर न्यायचा, कोणी न्यायचा, आणि भिजलेली खोकी कोणत्या नोंदीने बाजूला काढायची. पुराचे पाणी लागलेली स्ट्रिप पुसून पुन्हा रॅकवर लावायची नाही, मग तो माल कितीचाही असो.

फ्रिज

ऑडिटर दुकानात शिरला की बहुधा आधी फ्रिजकडे जातो, आणि ते योग्यच आहे. इन्सुलिन, लसी, ऑक्सिटोसिन, काही डोळ्यांचे थेंब २ ते ८ अंशांत राहायला हवेत. आठच्या वर थोडा वेळ गेले तर औषधाची ताकद हळूहळू घटते. शून्याखाली गेले तर इन्सुलिन गेलेच. ते पुन्हा वितळल्यावर दिसायला ठीक दिसू शकते, म्हणूनच ते धोक्याचे.

घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये मागच्या झरोक्यातून थंड हवेचा झोत येतो. त्याच्यासमोर ठेवलेली इन्सुलिनची कार्ट्रिज (पेनमध्ये बसणारी नळी) गोठू शकते, आणि समोरच्या फळीवरचा थर्मामीटर मात्र ५ अंश दाखवत राहतो. म्हणून झरोक्यापासून किमान एक वीत जागा मोकळी ठेवा. दारात औषध ठेवू नका, दार दिवसातून पन्नासदा उघडते. खालच्या भाजीच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. वीज गेली की त्याच थंडावा धरून ठेवतात. जेवणाचा डबा, दूध, कोल्ड्रिंक यांना फ्रिजमध्ये जागा नाही.

थर्मामीटर खरा बोलतो का, हे दर तीन महिन्यांनी पाहा. काचेचा पेला बर्फाच्या चुऱ्याने काठोकाठ भरा, फटी भरतील एवढेच पाणी ओता, ढवळा आणि तीन-चार मिनिटे थांबा. सेन्सर मध्यभागी धरा, पेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकवू नका. आकडा ० अंश यायला हवा. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर थर्मामीटर बदला. बाहेरच्या ऑडिटसाठी वर्षातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे कॅलिब्रेशन, म्हणजे मापाच्या अचूकतेचे, प्रमाणपत्र लागेल. बर्फाची चाचणी त्याची जागा घेत नाही, पण दोन प्रमाणपत्रांच्या मधल्या काळात तीच कामी येते.

नोंद दिवसातून दोनदा: वेळ, आत्ताचे तापमान, किमान, कमाल, सही. लिहून झाल्यावर थर्मामीटरमधले जुने किमान-कमाल आकडे पुसायला (रीसेट करायला) विसरू नका, नाहीतर गेल्या आठवड्यातलाच आकडा रोज उतरवला जातो. ज्या तक्त्यात तीस दिवस सलग ४.० अंश लिहिलेले आहे तो तक्ता अनुभवी ऑडिटर एका नजरेत ओळखतो. खऱ्या फ्रिजचे आकडे हलतात.

वीज गेल्यावर तुमचा फ्रिज किती वेळ तग धरतो, हे आधीच मोजून ठेवा. औषधे दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवा, पाण्याच्या बाटल्या तशाच राहू द्या, प्लग काढा, दार बंद ठेवा आणि ८ अंश व्हायला किती मिनिटे लागतात ते लिहा. तो आकडा फ्रिजच्या दारावर चिकटवा. महावितरणने देखभालीसाठी सहा तास वीज बंद ठेवायची सूचना दिली आणि तुमचा फ्रिज अडीच तासच टिकत असेल, तर इन्व्हर्टर किंवा शीतपेटीची सोय आदल्या दिवशी करता येते.

गिऱ्हाइकाला इन्सुलिन देताना बर्फाची पिशवी थेट औषधाला लावू नका, मध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा घाला. वापरात असलेले इन्सुलिन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात, ३० अंशांखाली चालते. नेमके दिवस वेष्टनावर असतात. उघडल्याची तारीख लिहायला कोरी चिठ्ठी चिकटवूनच कार्ट्रिज द्या.

माल आत घेताना

इथे फार गहन काही नाही, शिस्त लागते. प्रत्येक होलसेलरच्या २०बी आणि २१बी परवान्याची प्रत फाइलला हवी. बिलाशिवाय एक स्ट्रिपही आत येऊ देऊ नका. ‘उद्या बिल पाठवतो’ म्हणत आलेला माल बिल येईपर्यंत बाजूच्या पेटीत ठेवा. बिलावरचा बॅच क्रमांक, एक्स्पायरी, छापील किंमत आणि नग हे हातातल्या खोक्याशी जुळवा. सॉफ्टवेअरने बिल आपोआप ओढून घेतले तरी डोळ्यांनी पाहायचेच, कारण बिलावर एक बॅच आणि खोक्यात दोन, हे नेहमीचे आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. महागड्या किंवा संशय आलेल्या मालाचा कोड मोबाइलवर तपासून पाहा.

रॅकवर लावताना आधी आलेला माल आधी विकायचा नसतो, आधी मुदत संपणारा आधी विकायचा असतो. तीन महिन्यांत मुदत संपणारा माल दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काढून परतीला लावा. मुदत संपलेल्यासाठी कुलपाची लाल पेटी करा आणि त्यावर मराठीत ‘मुदतबाह्य, विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहा. पेटीत काय आहे त्याची यादी बाहेर अडकवलेली असावी. अशा गोळ्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. होलसेलरकडे परत करा किंवा जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेला पावतीसह द्या.

काउंटर: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

औषध देण्याचे काम पाच पायऱ्यांत तोडा: चिठ्ठी घेणे, चिठ्ठी वाचून पडताळणे, औषध काढणे, पुन्हा पडताळणे, समजावून देणे. बहुतेक दुकानांत दुसरी आणि चौथी पायरी गर्दीत गळते. संध्याकाळी सात ते नऊ, आसपासचे दवाखाने सुरू असताना, काउंटरवर तीन माणसे असतील तर एकाने फक्त चौथी पायरी करायची. औषध काढणाऱ्याने स्वतःचेच काम तपासले तर त्याला तेच दिसते जे त्याच्या डोक्यात आहे.

चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव, सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, औषध, मात्रा आणि एकूण नग असायला हवेत. अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नका, दवाखान्यात फोन करा आणि कोणाशी बोललात ते चिठ्ठीवर वेळेसह लिहा. शेड्यूल एच (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी) मधल्या औषधाऐवजी दुसरा ब्रँड आपल्या मनाने द्यायला नियमांत मुभा नाही.

आता चुका नेमक्या कुठे होतात ते जवळून पाहू.

इन्सुलिन. आपल्याकडे वायलमध्ये (बाटलीत) बहुधा ४० युनिट प्रति मिली मिळते आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० युनिट प्रति मिली. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. पेन बिघडला म्हणून कोणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर पाव मिली जाते, म्हणजे १० ऐवजी २५ युनिट. अडीचपट. साखर रात्रीत उतरते आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून इन्सुलिन सिरिंज मागणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: ‘काकू, तुमचं इन्सुलिन बाटलीतलं की पेनमधलं?’ बाटली असेल तर त्यावरचा आकडा पाहूनच सिरिंज द्यायची. दोन्ही सिरिंज एकाच ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

लहान मुलांचे पॅरासिटामॉल. थेंबांच्या बाटलीत १ मिलीला १०० मिलिग्रॅम, सिरपमध्ये ५ मिलीला १२५, आणि आणखी एक सिरप ५ मिलीला २५०. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ या हिशेबाने १५० मिलिग्रॅम हवे. ते थेंबांतून दीड मिली होते, १२५ च्या सिरपमधून ६ मिली. घरी आधी सिरप होते, या वेळी थेंब दिले, आणि आईने सवयीने झाकणभर पाजले तर किती जाते त्याचा हिशेब करून पाहा. लेबलवर ‘एक चमचा’ कधीही लिहू नका. मिली लिहा, आणि बाटलीसोबतच्या मापावर पेनाने रेघ मारून द्या. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असलेले सर्दीचे मिश्रण देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाले आहेत. ‘मागच्या वेळचंच सिरप द्या’ म्हणणाऱ्या बाबांना बाळाचे वय विचारायला दहा सेकंद लागतात.

मेथोट्रेक्झेट. सांधेदुखीसाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलते आणि माणूस दगावू शकतो. सोबत फॉलिक ॲसिडची लहान पिवळी गोळी असते आणि घरी दोन्हींची अदलाबदल होते. पाकिटावर वाराचे नाव लिहा. ‘आठवड्यातून एकदा’ एवढे पुरत नाही, ‘फक्त रविवारी’ असे लिहा आणि तोंडाने म्हणवून घ्या: ‘बाबा, कोणत्या वारी घेणार?’ उत्तर त्यांच्या तोंडून आल्याशिवाय पाकीट हातात द्यायचे नाही.

पाण्यात कालवायचे अँटिबायोटिक सिरप. उकळून थंड केलेल्या पाण्याने आधी अर्धे भरा, हलवा, मग खुणेपर्यंत भरा. खूण पाहायची ती फेस बसल्यावर. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचे सिरप कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवून सातच दिवस चालते. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांना ते आधी विचारा आणि डॉक्टरांशी बोलून पर्याय काढा. मुकाट्याने बाटली देऊ नका.

नावांचे साधर्म्य. हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन, मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल, ॲम्लोडिपिन आणि ॲमिलोराइड, आणि थायरॉक्सिनच्या पाच-सहा ताकदी. वर्णानुक्रमाने रॅक लावला तर या जोड्या शेजारी येतात. त्यांतले एक औषध मुद्दाम लांबच्या कप्प्यात हलवा आणि मूळ जागी ‘दुसऱ्या कप्प्यात पाहा’ अशी पट्टी लावा. आपल्या दुकानातल्या अशा वीस जोड्यांची यादी स्वतः तयार करा. बाहेरून आणलेली यादी उपयोगाची नाही, कारण तुमच्याकडे शेजारी काय लागते ते तुम्हालाच माहीत.

स्ट्रिप कापणे. बॅच आणि एक्स्पायरी पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. कात्री नेहमी दुसऱ्या टोकाकडून चालवा, तारखेचे टोक दुकानात शेवटपर्यंत राहू द्या, आणि कापून दिलेल्या चार गोळ्या नाव, ताकद, बॅच, एक्स्पायरी लिहिलेल्या पाकिटात द्या. पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र असे तीन चौकोन आणि जेवणाआधी की नंतर. दिंडोरी, पेठ, सुरगाणा भागांतून येणाऱ्या वाचता न येणाऱ्या माणसासाठी सूर्य आणि चंद्र काढलेले पाकीट छापून घ्या.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. पंचवटी, रामकुंड, नाशिकरोड स्टेशन परिसरातल्या काउंटरवर तेव्हा बाहेरगावची माणसे जुनी रिकामी स्ट्रिप दाखवून औषध मागतील. रिकामी स्ट्रिप म्हणजे चिठ्ठी नव्हे. रक्तदाब, साखर, अपस्मार यांच्या औषधांसाठी जवळच्या शासकीय दवाखान्याचा पत्ता हिंदीतही लिहून ठेवा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरसाठी आणि लहान २०० मिलीसाठी असते. लहान पुडी लिटरभर पाण्यात घातली तर क्षार पाचपट पातळ होतात. ओआरएस म्हणून गोड पेय देऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली आहे.

कायद्याने लागणाऱ्या नोंदी

शेड्यूल एच-वन, म्हणजे एचपेक्षा कडक नोंदीची यादी, १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झिम, लेव्होफ्लोक्सासिन, क्षयरोगाची औषधे, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही त्यातली नेहमीची नावे. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. वेगळ्या वहीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि नग लिहायचे आणि वही तीन वर्षे जपायची. विक्री होते त्याच क्षणी लिहा. महिनाअखेरीस बिले पाहून भरलेली वही एकाच शाईत, एकाच अक्षरात असते आणि ती लगेच कळते. शेड्यूल एक्सच्या, म्हणजे सगळ्यांत कडक नियंत्रणाच्या यादीतल्या, औषधांना वेगळा परवाना, कुलपाचे कपाट आणि चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. त्यांतली एक प्रत दोन वर्षे दुकानात राहते.

क्षयरोगाची औषधे देणाऱ्या दुकानाने रुग्णाची माहिती शासनाला कळवणे मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून बंधनकारक आहे. त्यासाठीच्या शासनाच्या निक्षय पोर्टलवर एकदा नोंदणी केली की पुढचे सोपे जाते. ही नोंद राहिली तर एखाद्याचे औषध मध्येच तुटते आणि घरातल्या इतरांची तपासणी होत नाही.

औषधाचा दुष्परिणाम कोणी सांगितला तर ‘चालतं हो, गरम पडतं’ म्हणून सोडून देऊ नका. भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाचा फॉर्म भरा किंवा १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवा. हा क्रमांक गिऱ्हाइकांना दिसेल असा लावा. कारण सिद्ध झालेले असण्याची गरज नाही, शंका पुरेशी आहे.

चुकांची वही आणि बॅच शोधण्याचा सराव

एक साधी वही करा: तारीख, काय चुकले, गिऱ्हाइकापर्यंत पोचले की आधीच सापडले, का झाले, काय बदलले. ‘लक्ष दिले नाही’ हे कारण चालणार नाही. मधुमेहाची ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमऐवजी २ मिलिग्रॅमची गेली, तर दोन्ही पाकिटांचा रंग सारखा होता का, कप्पा एकच होता का, फोन चालू होता का, ते लिहा. या वहीवरून कोणाचा पगार कापला, कोणाला चारचौघांत बोलले, की त्या दिवसापासून वही कोरी राहील. महिन्याला हजारो औषधे देणाऱ्या दुकानाची वही कोरी असेल तर चुका लपल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. निम्म्याहून अधिक नोंदी ‘देण्याआधी सापडले’ अशा दिसू लागल्या, की पडताळणीची चौथी पायरी काम करते आहे.

केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जाहीन आढळलेल्या बॅचची यादी काढते. ती महिन्यातून एकदा स्वतःच्या साठ्याशी ताडून सही करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या बालमृत्यूंनंतर खोकल्याच्या एका सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले आणि महाराष्ट्रातही तातडीचा इशारा निघाला. अशा वेळी दुकानाला काही तासांत सांगता आले पाहिजे: आमच्याकडे आले होते का, किती, कोणाला गेले.

त्याचा सराव वर्षातून दोनदा करा. डोळे मिटून एक बाटली उचला. समजा त्या बॅचच्या ६० बाटल्या आल्या. बिलांप्रमाणे ४१ विकल्या, रॅकवर १७ आहेत. दोन कुठे? फुटल्या, परत गेल्या, की बिलाशिवाय विकल्या? आणि त्या ४१ पैकी किती बिलांवर रुग्णाचा फोन क्रमांक आहे? पहिल्या सरावात निम्म्यांवरही बहुधा नसतो. ‘कॅश’ नावाने फाडलेली बिले म्हणजे हरवलेली माणसे, म्हणून मुलांच्या सिरपच्या प्रत्येक बिलावर फोन क्रमांक घ्यायची सवय लावा. वेळ, नग आणि तफावत लिहून ठेवा. दोन तासांत हिशेब जुळायला हवा.

कार्यपद्धती, अंतर्गत तपासणी आणि बाहेरचे ऑडिट

वरचे सगळे दोन-तीन महिने नीट चालले की मगच लिहायला बसा. खरेदी, साठवण, फ्रिज, औषध देणे, मुदतबाह्य माल, तक्रार, बॅच परत बोलावणे, स्वच्छता, प्रशिक्षण अशा नऊ-दहा कार्यपद्धती पुरतात. प्रत्येक दोन पानांच्या आत, मराठीत, आणि काम करणाऱ्या मुलाला वाचून कळेल अशी. इंटरनेटवरून उतरवलेल्या चाळीस पानांत अशी वाक्ये असतात जी तुमच्या दुकानात कोणी करत नाही, आणि ऑडिटर तुम्हाला तुमच्याच कागदावर पकडतो.

अंतर्गत तपासणी महिन्याला एक तास. कोणतीही ३० बिले काढा आणि चार गोष्टी मोजा: चिठ्ठी लागत असताना तिची नोंद आहे का, बॅच बरोबर आहे का, एच-वनची वही जुळते का, पाकिटावर मात्रा लिहिली होती का. शेवटची गोष्ट बिलावरून कळत नाही, त्यासाठी दुकानातून बाहेर पडणाऱ्या दहा जणांना नम्रपणे पाकीट दाखवायला सांगा. तीसपैकी बावीस बरोबर आले तर बावीसच लिहा. पुढच्या महिन्यात पंचवीस झाले, तर ऑडिटरला हवा तो पुरावा हाच. सलग सहा महिने तीसपैकी तीस दाखवणाऱ्या दुकानाला तो जास्त प्रश्न विचारतो.

आयएसओसाठी संस्था निवडताना तिला एनएबीसीबीची (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) किंवा तत्सम मान्यता आहे का, आणि औषधविक्री तिच्या व्याप्तीत येते का, हे आधी पाहा. दुकान न पाहता आठ दिवसांत प्रमाणपत्र घरपोच देणारे पुष्कळ आहेत. त्या कागदाला किंमत नाही, आणि तो लावून गिऱ्हाइकाला गुणवत्तेची हमी देणे ही फसवणूक आहे. खरे ऑडिट दोन टप्प्यांत होते: पहिल्यात कागद आणि तयारी, दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि मध्ये दरवर्षी देखरेख ऑडिट होते.

ऑडिटच्या दिवशी ऑडिटर मालकापेक्षा काउंटरवरच्या मुलाशी जास्त बोलतो. ‘फ्रिज ११ अंश दाखवतोय, काय करशील?’ असे विचारतो. अपेक्षित उत्तर असे: विक्री थांबवतो, औषधे दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवून ‘वापरू नका’ अशी पाटी लावतो, किती वेळ ११ होते ते लॉगरवर (तापमान आपोआप नोंदवणाऱ्या यंत्रावर) पाहतो, फार्मासिस्टना सांगतो, ते कंपनीला विचारून ठरवतात. हे उत्तर पाठ करून येत नाही, दोन-तीनदा खोटा प्रसंग उभा करून करवून घ्यावे लागते.

त्रुटी निघतील, त्याने खचू नका. प्रत्येक त्रुटीला कारण, केलेला बदल आणि बदल टिकल्याचा पुरावा असे उत्तर ठरलेल्या मुदतीत द्यावे लागते. आणि मधल्या काळात फार्मासिस्ट बदलला तर अन्न व औषध प्रशासनाला लगेच लेखी कळवा, नवीन माणसाच्या सहीचा नमुना सगळ्या नोंदवह्यांच्या पहिल्या पानावर घ्या, आणि त्याने पहिले आठ दिवस जुन्या फार्मासिस्टसोबत चौथी पायरी करावी, वीस जोड्यांची यादी हातात धरून.